मनाला लागणं आणि भावना दुखावणं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात घोळ असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही बडोद्याचेच, मांजलपूरचे, नोकरी सॉफ्टवेअरमधली. आजोबा गेले. दहाव्याला सगळे चांदोदला गेलात. पिंड ठेवला आणि पाऊण तास कावळा शिवेना. गुरुजी घड्याळाकडे बघत होते, घरच्या बायका हात जोडून उभ्या होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "बाबा, कावळ्याला भूक नसेल. त्याला काय कळतंय आजोबांच्या इच्छेतलं? या खर्चाऐवजी आजोबांच्या शाळेला पैसे दिले असते तर त्यांना जास्त आवडलं असतं." बाबा काहीच बोलले नाहीत. दीड महिना झाला, अजून कामापुरतंच बोलतात. काकांनी मात्र परतीच्या वाटेवर गाडीतच सुनावलं, की तू आमच्या धार्मिक भावना दुखावल्यास. तुम्ही विचारताय, श्रद्धा एवढी पक्की असेल तर एका साध्या प्रश्नाने तिचं काय बिघडतं? लोक एवढे का दुखावतात?

मी बडोद्यात बत्तीस वर्षं कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. मराठी, गुजराती, सिंधी, सगळ्या घरांतली भांडणं ऐकली आहेत. देवाधर्मावरून बोलणं बंद झालेली घरं त्यात बरीच. तुमचं वय माझ्या मुलाएवढं असावं, पण ओळख नाही म्हणून 'तुम्ही' म्हणते. या 'तुम्ही'बद्दलही पुढे थोडं बोलायचं आहे.

एक आधीच सांगते. मी तुमच्या बाबांना ऐकलेलं नाही. त्यांचं आणि आजोबांचं कसं होतं, तुमचं आणि त्यांचं आधीपासून कसं आहे, तुम्ही ते वाक्य हळू म्हणालात की चारचौघांत ऐकू जाईल असं, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा खालचं सगळं तुमच्या घराला मापून घ्या. जे बसणार नाही ते सोडा.

तुमच्या पत्रात दोन माणसं दुखावली आहेत, आणि तुम्ही दोघांना एकाच टोपलीत टाकलंय. माझ्या मते इथेच गाठ आहे. माझ्या आजीच्या तोंडी 'भावना दुखावल्या' हा शब्दप्रयोग मी कधी ऐकला नाही. ती म्हणायची, "मनाला लागलं गं." मनाला लागतं ते एका माणसाच्या, आणि ते तो एकवचनात सांगतो, किंवा सांगतच नाही. भावना दुखावतात त्या 'आमच्या'. ती भाषा अर्जाची आहे, पोलीस ठाण्याची आहे, वर्तमानपत्राची आहे. बाबा गप्प बसले, त्यांच्या मनाला लागलं. काका बोलले, त्यांच्या भावना दुखावल्या. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आधी बाबांचं.

चांदोदच्या घाटावर मीही उभी राहिले आहे, माझ्या वडिलांच्या दहाव्याला. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती असा तिथला संगम. बडोद्याची मराठी घरं पिढ्यान्पिढ्या डभोईवरून तिथे जातात. आमचाही कावळा शिवेना. माझा मोठा भाऊ आणि वडील यांचं आयुष्यात कधी धड बोलणं झालं नव्हतं. दोन वाक्यांच्या वर गेलं की वाद. तर तो भाऊ, शर्ट काढलेला, पंचा नेसलेला, ओला, दोन पावलं पुढे गेला आणि पिंडाकडे बघून म्हणाला, "अण्णा, आईचं मी बघेन. तुम्ही काळजी करू नका." आवाज फाटला होता त्याचा. कावळा तरीही आला नाही. एक कुत्रं मात्र दोनदा हुसकावावं लागलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्याने पिंडाला स्पर्श केला आणि आम्ही निघालो. पण ते वाक्य बोलून झालं होतं, आणि मागे उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं होतं.

आता या विधीचं काम काय होतं ते बघा. कावळ्याच्या पोटात भाताचा गोळा जाणं हे त्याचं दिसणारं काम. न दिसणारं काम असं की गेलेल्या माणसाला उद्देशून, जिवंत माणसांसमोर, मोठ्याने एक वचन देण्याची सोय. आमच्या घरात पुरुषांना एरवी अशी सोय कुठे असते? दिवाणखान्यात बसून कोणी "अण्णा, आईचं मी बघेन" म्हणत नाही. कावळा उशीर करतो म्हणून माणसं बोलायला लागतात. "धाकटीचं लग्न आम्ही करू", "घर विकणार नाही", "तुमच्या मनात काय राहिलंय ते सांगा". त्या पाऊण तासात तुमचे बाबा मनातल्या मनात एखादं वाक्य जुळवत असतील, हे अगदी शक्य आहे. आणि त्याच वेळी शेजारून आवाज आला की कावळ्याला भूक नसेल. तुमचं विधान पक्षिशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होतं हो. पण बाबांनी ऐकलं ते असं, की तुम्ही ज्याच्याशी बोलू पाहताय तो तिथे नाही आणि तुमचं बोलणं कुठेही पोचणार नाही.

माणसं दुखावतात ती अशी. श्रद्धा ही बहुतेकांच्या बाबतीत एक सुटं विधान नसतंच, खरं की खोटं असं तपासायला काढून ठेवावं असं. ती खुंटी असते. तिच्यावर काहीतरी टांगलेलं असतं. आई, एखादी रात्र, एखादं वचन. आपण प्रश्न विचारतो खुंटीला आणि खाली पडतं ते टांगलेलं.

हा प्रश्न तुमचा नवा नाही. श्राद्धातलं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची, घरीच कोणाला तरी जेवायला घाला, हा टोमणा चार्वाकांच्या नावावर निदान चौदाव्या शतकापासून लिहिलेला आहे. आणि त्याहून जुना, त्याहून तुमच्या प्रसंगाशी जुळणारा प्रसंग वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात आहे. बडोदेकरांना त्याचं कौतुक असायला हवं, कारण या रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्याच विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरातून १९६० ते १९७५ या काळात निघाली.

चित्रकूटावर भरत रामाला परत न्यायला येतो. तिथे रामाला कळतं की दशरथ गेले. मंदाकिनीच्या काठी राम वडिलांना पिंड देतो, तेही कशाचा, तर इंगुदी या रानफळाच्या पेंडीत बोरं कालवून. वनात तेवढंच होतं. माणूस जे खातो तेच त्याच्या देवांना, असं म्हणून तो ते दर्भावर ठेवतो. कौसल्येला तो पिंड दिसतो आणि चक्रवर्ती राजाला हे अन्न, म्हणून ती रडते. यानंतर दरबारातला जाबाली नावाचा ब्राह्मण रामाची समजूत घालायला पुढे येतो. तो म्हणतो, माणूस एकटा जन्मतो, एकटा जातो. दशरथ तुझा कोणी नव्हे, तू दशरथाचा कोणी नव्हेस. लोक अष्टका श्राद्धं घालतात, ती अन्नाची नासाडी आहे, मेलेला काय खाणार? तेव्हा चल, राज्य कर.

आणि राम चिडतो. वनवास सांगितला तेव्हा न चिडलेला राम इथे चिडतो. मला नेहमी लक्षात राहतं ते त्याचं उत्तर. मेलेला माणूस अन्न कसं खातो, याच्या खोलात तो शिरतच नाही. तो बोलतो सत्याबद्दल, वडिलांना दिलेल्या शब्दाबद्दल. जाबालीने विचारलं अन्नाचं. रामाला लागलं ते 'दशरथ तुझा कोणी नव्हे' हे. पुढे वसिष्ठ मध्ये पडतात आणि सांगतात, की तुला परत न्यावं म्हणून तो असं बोलला, मनापासून नव्हे. वसिष्ठांनी तिथे नास्तिक्याचं खंडन केलं नाही. त्यांनी जाबालीचा हेतू सांगितला, आणि नंतर पुन्हा कुळाचीच गोष्ट काढली. आमच्या धंद्यात याला फार मोल आहे.

प्रयोगशाळेतही याला थोडा दुजोरा आहे, थोडाच. २०१६ साली अमेरिकेत कॅप्लन, गिंबेल आणि हॅरिस या संशोधकांनी ठाम राजकीय मतं असलेल्या ४० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून त्यांच्या मतांविरुद्ध मुद्दे वाचायला दिले. काही मतं राजकीय, काही साधी, म्हणजे विजेचा दिवा एडिसनने शोधला अशी. दिव्याबद्दलचं मत लोकांनी बऱ्यापैकी सैल केलं, राजकीय मतं सोडली नाहीत. आणि राजकीय मतांना धक्का लागला तेव्हा मेंदूचे जे भाग जास्त जागे झाले, त्यांचा संबंध 'मी कोण' या विचाराशी लावला जातो. प्रयोग राजकीय मतांवरचा आहे, धर्मावरचा नव्हे, आणि माणसंही सगळी एकाच राजकीय कलाची होती. त्यामुळे तो फार ताणू नये. पण माझ्या खोलीत मी जे बघते त्याच्याशी तो जुळतो: एडिसनवरून कोणी घर सोडून जात नाही.

खोलीतलंच एक सांगते. तपशील बदलले आहेत. आई आणि कॉलेजातली मुलगी. मुलगी म्हणाली, "स्वामींच्या फोटोने कोणी बरं होतं का?" आणि आईने हातातली वाटी भिंतीवर फेकली. शांत बाई, बँकेत नोकरी करणारी. मुलीला वाटलं आई अंधश्रद्ध आहे, आईला वाटलं मुलगी निर्दय आहे. अशा वेळी मी एक ठरावीक प्रश्न विचारते: हे पहिल्यांदा कोणाबरोबर, कधी केलंत? आई चाळीस मिनिटं बोलली. नवरा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. मुलगी तेव्हा चार वर्षांची, मामाकडे ठेवलेली. रुग्णालयाच्या जिन्यात, रात्री, बाईच्या वडिलांनी तो फोटो तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मी आहे, हे आहेत, तू झोप थोडी." वडील पुढच्या वर्षी गेले. फोटोत स्वामी होते, पण त्या बाईने जपलं होतं ते 'तू झोप थोडी'. मुलीला यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिच्या प्रश्नात चूक काहीच नव्हती. तो पडला मात्र त्या जिन्यात.

माझीही चूक झालेली आहे. १९८५ साली मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला होते आणि नवीन शिकलेलं सगळं लगेच कोणावर तरी करून बघायची घाई असायची. दांडिया बाजारात माझी आत्या राहायची. ती दत्ताचा गुरुवार करायची, कडक. एका गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिच्याच हातचं जेवत, मी तिला समजावलं की उपवासात देवाचा काही संबंध नाही, माणसाच्या मेंदूला नियम लागतो एवढंच. आत्या हसली. वाद नाही, काही नाही. पोळी वाढायला आली आणि म्हणाली, "घ्या ना, संकोच करू नका."

घ्या. जन्मल्यापासून जिने मला 'अगं' म्हणून हाक मारली तिने मला 'घ्या' म्हटलं. पुढची दोन वर्षं तिने मला असंच पाहुण्यासारखं वाढलं. बसा, पाणी घ्या, आई काय म्हणतात. मराठीत माणसाला घराबाहेर काढायला दार उघडावं लागत नाही, क्रियापद बदललं की पुरतं. तुमचे बाबा 'कामापुरतं बोलतात' म्हणजे नेमकं काय, ते कान देऊन ऐका.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं कावळ्यापेक्षा ते जास्त लागलं असेल. "या खर्चाऐवजी शाळेला पैसे." आजोबा शिक्षक होते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्ही ते मायेने बोललात. पण जिथे माणूस एखादी गोष्ट पैशाच्या हिशेबाबाहेर ठेवतो, तिथे चांगल्या हेतूनेही हिशेब काढला की तो खवळतो. २००७ मध्ये जेरेमी गिंजेस, स्कॉट अॅट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांमध्ये याची पाहणी छापली. ज्या गोष्टी लोकांना पवित्र वाटत होत्या, त्या सोडण्याच्या बदल्यात मोबदला देऊ केला तेव्हा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. समोरच्या बाजूने स्वतःला जड जाणारी, पैशाशी संबंध नसलेली अशी एखादी कबुली दिली, तेव्हा राग उतरला. हे केवढ्या मोठ्या भांडणाचं उदाहरण आणि कुठे तुमचं घर, मला कळतंय. पण यंत्र तेच आहे. 'ऐवजी' या शब्दाने तुम्ही वडिलांच्या वडिलांचा दहावा तागडीत टाकलात. शाळेला देणगी द्या, जरूर द्या. बाबांना विचारून, आजोबांच्या नावाने, 'शिवाय' म्हणून द्या.

आणि एक, जरा कडू लागेल. कावळ्याबद्दल तुम्ही प्रश्न विचारला असं म्हणता. "कावळ्याला भूक नसेल" हा प्रश्न नाही, ते उत्तर आहे. प्रश्न विचारणाऱ्याला काहीतरी माहीत नसतं आणि ते हवं असतं. तुम्हाला हवं होतं ते बहुधा वेगळंच. तुमचेही आजोबा गेले होते ना? सगळे एका बाजूला, विधीत गुंतलेले, आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, ज्याला त्या विधीतून काहीच मिळत नव्हतं. अशा वेळी माणूस चिडतो आणि ती चीड तर्काच्या कपड्यात बाहेर येते. मी चुकत असेन तर सोडून द्या.

आता काकांचं. इथे माझा सूर बदलतो.

'धार्मिक भावना दुखावणे' हे शब्द आपल्या घरात आले ते कायद्याच्या वाटेने. भारतीय दंड संहितेत १९२७ साली २९५अ हे कलम घातलं गेलं. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. पण त्या कलमातसुद्धा नुसतं दुखावणं पुरत नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान असावा लागतो. गंमत बघा, कायदा हेतू विचारतो आणि काका विचारत नाहीत.

मी मघाशी सांगितलेला प्रश्न, पहिल्यांदा कोणाबरोबर केलंत, तो भावना दुखावलेल्यांनाही विचारते. ज्याच्या मनाला लागलेलं असतं तो अडखळतो आणि मग एखादं नाव घेतो, एखादा दिवस सांगतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो, "आमच्यात असंच असतं." एका सासऱ्यांनी विधवा सुनेला घरच्या गौरींच्या नैवेद्याला हात लावू दिला नाही. तिच्या मुलाने का म्हणून विचारलं, तर आजोबांच्या भावना दुखावल्या. त्यांना मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा 'आमच्यात'. आठवण एकही नाही, माणूस एकही नाही. तिथे दुखत होतं ते अधिकाराला.

बडोद्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९६ मध्ये राजवाड्यातले विधी वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांच्या, पद्धतीने सुरू करवले, आणि १९१५ मध्ये पुरोहितांना परीक्षा लावणारा कायदा केला. धर्मावर आघात झाला अशी ओरड अशा वेळी होतेच. पण वेद कोणी ऐकायचे आणि दक्षिणा कोणी घ्यायची, हा प्रश्न देवाचा कमी आणि मानाचा व मिळकतीचा जास्त. अशा ठिकाणी प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि कोणी दुखावलं तर दुखावू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी मापते ते असं: या विधीने कोणाचं तरी काही हिरावलं जातंय का? त्या सुनेचं हिरावलं जात होतं. चांदोदच्या घाटावर कोणाचंच नव्हतं. फार तर तुमची सुट्टी.

तुमचे काका त्या सासऱ्यांसारखे आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचेही वडीलच गेलेत. पुष्कळदा माणसाला स्वतःचं 'लागलं' बोलता येत नाही आणि ते 'आमच्या भावना' करून बोलतो, कारण अनेकवचनात रडावं लागत नाही. गाडीत सगळ्यांसमोर ओरडणारा माणूस आतून कुठल्या प्रकारचा आहे, हे लांबून सांगता येत नाही. त्यांना एकटं गाठून आजोबांबद्दल काहीतरी विचारा. नाव आलं, आठवण आली, तर तेही बाबांसारखेच. 'आमच्यात' आलं तर हो म्हणा आणि विषय बदला. तिथे तुमची शक्ती घालवू नका.

जागेचंही सांगायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय की श्रद्धाळू माणसांना प्रश्नच चालत नाहीत. चालतात की. जनाबाईने विठोबाला काय काय म्हटलंय ते आठवा. तुमचं कावळ्याचं वाक्य त्यापुढे काहीच नाही. पण ती भांडते ती त्याच्या घरात उभी राहून, दळता दळता. प्राच्यविद्या मंदिरात रामायणाच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून एकेका श्लोकावर शंका घेतली जायची, ते तर कामच होतं. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही, हे अभ्यासकांमध्ये सांगा, माना डोलतील. तेच कीर्तन रंगात आलेलं असताना मध्येच उठून सांगा, मग बघा. वाक्य एकच आहे. एका ठिकाणी ते काम आहे, दुसऱ्या ठिकाणी हातातलं ताट ओढून घेणं आहे.

तर थोडक्यात तुमच्या घरापुरतं: बाबांच्या मनाला लागलंय, आणि ते श्रद्धेपेक्षा त्यांच्या वडिलांबद्दल आहे, काकांचं अजून ठरायचंय, तुमचा विचार चुकीचा नव्हता, वेळ आणि 'ऐवजी' हे दोन्ही चुकले, आणि त्या दिवशी तुमचंही काहीतरी बोलायचं राहून गेलं.

करायचं काय? माफीचं भाषण नको. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे तर मुळीच नको, त्यात दोष पुन्हा त्यांच्या वाटण्यावरच येतो. तुमचं मत बदललंय असंही सांगू नका, कारण ते खोटं आहे आणि बाबांना ते कळेल. मासिक श्राद्ध येतंय. त्याच्या आदल्या दिवशी, काका नसताना, बाबा काहीतरी हातांनी करत असताना, स्कूटर पुसताना किंवा भाजी निवडताना, एवढंच विचारा: "त्या दिवशी घाटावर तुम्हाला आजोबांना काय सांगायचं होतं?" आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड आहे, मला माहीत आहे. मीसुद्धा पगार घेऊन शिकले. ते म्हणतील, "काही नाही." म्हणू देत. तिथेच बसून राहा, भाजी निवडू लागा. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं असं माझ्या कामात क्वचितच घडलंय. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याला मिळतं. कधीकधी मिळत नाही, तेही सांगून ठेवते. काही बाप आयुष्यभर 'काही नाही'वरच राहतात.

आत्याचं राहिलं. दोन वर्षांनी आईकडून मला कळलं की तो गुरुवार मुळात आजीचा. शेवटच्या आजारात तिला उपवास झेपेना, तेव्हा आत्या तिला म्हणाली होती, "तुझा गुरुवार आता मी धरते." मी त्याच आठवड्यात दांडिया बाजारात गेले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण दारात पोचल्यावर तोंडातून भलतंच निघालं. विचारलं, "आत्या, आजी गुरुवारी काय खायची गं?"

आत्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "तुला काय करायचंय ते? ये आत, रताळी सोल."